चांदणीवाले नातेवाईक

आमच्या सबंध घराण्याला एका दुपारी मारून टाकायचा माझा मुळीच विचार नव्हता. मला फक्त मुलाचं लग्न ठरवायचं होतं.

मुलगा माझा सुहैल, मुलगी सल्त गावची लमीस. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, दोन्ही आयांनी एकमेकींच्या पडद्यांचं कौतुक करून झालं होतं, राहिला होता तो जाहा. म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांनी घोळक्याने मुलीच्या घरी जायचं, समोर ठेवलेल्या कडू कॉफीला हात न लावता बसायचं, सगळ्यांत ज्येष्ठ माणसाने मागणी घालायची, आणि मुलीच्या बापाने ‘दिली, आता कॉफी घ्या’ म्हटल्यावरच कप उचलायचा. सगळं आधी ठरलेलं असतं, तरी तेवढा वेळ मुलाच्या बापाचा जीव टांगणीला लागतो. घोळका जेवढा मोठा तेवढी इज्जत मोठी. शुक्रवार ठरला होता. रविवारी सुहैल दोहाला नोकरीवर रुजू होणार होता आणि तिथे पहिलं वर्ष सुट्टी नाही. हा शुक्रवार हुकला तर लग्न वर्षभर लांबणार, आणि वर्षभरात मुलीच्या मावश्या काय काय घडवून आणू शकतात हे माझी बायको रुदैना मला जेवताना वाढता वाढता सांगत होती.

तिचं म्हणणं साधं होतं. फोन घ्या आणि एकेकाला आमंत्रण करा. पण मी इथे अम्मानमध्ये एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. घराण्यात मला ‘कॉम्प्युटरमधला’ म्हणतात आणि कुणाचाही फ्रीज बिघडला की बोलावतात. अशा माणसाने शेकडो फोन बोटाने लावायचे म्हणजे स्वतःच्या धंद्याचा अपमान. मी तिला म्हटलं की हे काम पंधरा मिनिटांचं आहे, प्रोग्रॅम लिहितो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तांदूळ धुवायला गेली. त्या पाहण्याचा अर्थ मला मंगळवारी कळला.

आमच्या घराण्यातल्या प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर माझा चुलतभाऊ फव्वाजने वर्षानुवर्षं टाइप करून ठेवलेला आहे. फव्वाजला माणसांपेक्षा चिन्हं आवडतात. जो वारला त्याच्या नावानंतर तो एक चांदणी काढतो. जो रुसलेला आहे, म्हणजे घराण्याशी बोलत नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. चांदण्यांशी माझा संबंध असा की आमच्यात आनंदाचं कार्य काढताना ज्या घरात माणूस गेलाय त्या घराची परवानगी घेतात. म्हणून मी दोन मेसेज लिहिले. हयात माणसांना: शुक्रवारी अगत्य येण्याचं करावं. चांदणीवाल्या घरांना: ‘मरहूम अमुक यांच्यावर अल्लाची दया असो. त्यांच्या आठवणीचा मान राखून आणि आपली परवानगी गृहीत धरून आम्ही शुक्रवारी मुलाचं कार्य करत आहोत.’ ‘अमुक’च्या जागी प्रोग्रॅम आपोआप नाव भरणार. हा दुसरा मेसेज मला इतका साधला होता की तो मी रुदैनाला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण फोन केला असता तर बरं दिसलं असतं.

प्रोग्रॅमचं काम एवढंच: ओळीत मोकळी जागा आणि तिच्यापुढे चांदणी आहे का बघ, असेल तर शोकाचा मेसेज, नसेल तर आमंत्रण. मी काही उतावळा माणूस नाही. आधी चाचणी घेतली. तीन नावं निवडली, तिघेही खात्रीने गेलेले, तिघांच्याही दफनाला मी स्वतः हजर होतो. प्रोग्रॅमने तिघांनाही बरोबर मृत म्हणून ओळखलं. मंगळवारी दुपारी मी समाधानाने सगळी यादी आत घातली, बटण दाबलं आणि जेवायला बसलो. त्या दिवशी वांग्याचा मकलूबा होता, ताटात उलटा पाडलेला भरगच्च भात, त्यानंतर झोप येणं साहजिक होतं.

उठलो तेव्हा दार वाजत होतं. शेजारचे अबू जिरयेस उभे होते. हे कस्टममधून निवृत्त झाले आहेत आणि जगातली प्रत्येक वस्तू अजूनही संशयाने उघडून बघतात. त्यांच्या अंगात काळा कोट होता. त्यांनी मला मिठी मारली, पाठ थोपटली आणि आमच्याकडे बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात तशी मारून म्हणाले, “अबू सुहैल, धीर धरा. एका दिवसात एवढे सगळे. गॅस होता का?”

झालं होतं असं. शोधण्याच्या भाषेत चांदणी हे नुसतं चिन्ह नसतं, तो हुकूम असतो. ‘माझ्या आधी जे काही आहे ते कितीही वेळा असू दे, एकदाही नसलं तरी चालेल,’ असा. माझ्या शोधात चांदणीच्या आधी होती मोकळी जागा. म्हणजे मी कॉम्प्युटरला विचारलं होतं की ज्याच्या ओळीत मोकळी जागा आहे, किंवा नाही, असे लोक कोण? त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं की सगळेच. हे मला पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलेलं आहे. मी स्वतः ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवतो, तेही जरा चढ्या आवाजात. आणि चाचणीला मी तीन मेलेलीच माणसं घेतली होती. एखादं जिवंत माणूस घेतलं असतं तर तेही मेलं असतं आणि मला कळलं असतं.

आता तुम्ही म्हणाल की ज्याला स्वतःच्याच मृत्यूचा मेसेज येतो तो हसून सोडून देईल. सोडलाही. पण आमच्या लोकांचा स्वभाव असा की स्वतःच्या बाबतीत चूक झाली आहे हे प्रत्येकाला लगेच कळलं, आणि दुसऱ्याच्या नावाचाही मेसेज आल्याचं कानावर येताच ती बातमी खरी असणार हेही प्रत्येकाने गृहीत धरलं. संध्याकाळपर्यंत अम्मानमध्ये आमचं सबंध घराणं काळे कपडे घालून रस्त्यावर होतं. लोक सांत्वनाला गेले तर घरांना कुलपं, कारण घरवाले दुसरीकडे सांत्वनाला गेलेले. माझे दोन आतेभाऊ एकाच सिग्नलला समोरासमोर आले, पहिला दुसऱ्याच्या घरी सांत्वनाला निघालेला आणि दुसरा पहिल्याच्या. फव्वाजने तर स्वतःच्या नावापुढे आधी चांदणी लावली आणि मग मला फोन करून विचारलं की चूक आहे ना नक्की?

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण हाज मुफलिहकाकांचा फोन त्यांच्या सुनेकडे असतो. काका आमच्या घराण्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. शुक्रवारी मागणी घालणार ते. सुनेने मेसेज वाचला तेव्हा काका बैठकीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले होते. ती जी ओरडली ती त्यांच्या मार्का मोहल्ल्यातल्या तीन गल्ल्यांनी ऐकली. काका दचकून उठले तोवर खुर्च्या भाड्याने देणारा अंगणात खुर्च्या उतरवत होता आणि कोणीतरी कडू कॉफीचं मोठं भांडं चुलीवर चढवलं होतं. काकांनी दारात उभं राहून विचारलं, कोण गेलं? खुर्चीवाल्याने त्यांच्या हातात त्यांच्याच नावाची चिठ्ठी दिली.

बुधवारी सकाळी त्यांच्या मुलाने निरोप आणला. निरोप एका वाक्याचा होता: मेलेला माणूस जाहाच्या पुढे चालत नाही. त्यापाठोपाठ सल्तहून लमीसच्या वडिलांचा फोन आला. फार सज्जन माणूस. त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, मग म्हणाले की घराण्यात एवढे मृत्यू झाले असताना आमच्याकडे कुनाफ्याची मिठाई वाटणं शोभणार नाही, चाळीस दिवस जाऊ द्या. मी सांगितलं की कुणीही गेलेलं नाही. ते हळुवारपणे म्हणाले, “अबू सुहैल, पहिले काही दिवस असंच वाटतं. हाज मुफलिह आले असते तर आमच्या वडिलांना फार आनंद झाला असता.” याचा अर्थ स्पष्ट होता. काका त्यांच्या दारात उभे दिसले तरच शुक्रवार, नाहीतर पुढचं वर्ष.

सुहैल माझ्यासमोर बसला, बॅगेतले दोन शर्ट बाहेर काढले आणि पुन्हा घडी घालून आत ठेवले. त्याने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. रुदैनाने मात्र सुनावले.

चूक दुरुस्त करायचा मेसेज ताबडतोब पाठवायला हवा होता, पण माझं मेसेजचं खातं बंद पडलं होतं. एकाच दुपारी एवढ्या मृत्यूंच्या बातम्या पाठवणाऱ्या ग्राहकाबद्दल मेसेज कंपनीला शंका आली होती. मी त्यांच्या कचेरीत गेलो. काउंटरवरची मुलगी अतिशय नम्र होती. ती म्हणाली की खातं उघडता येईल, फक्त ज्यांच्याबद्दल चुकीची बातमी गेली ते सगळे जिवंत आहेत असं सरकारी पत्र लागेल. मी सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं की मेल्याचा दाखला घरच्यांना मिळतो, पण हयातीच्या दाखल्यासाठी ज्याने त्याने स्वतः यावं लागतं, ओळखपत्रासह, सकाळी, आणि आज बुधवार असल्यामुळे अंगठ्याचं यंत्र बंद आहे. मी त्यांना विचारलं की सबंध घराणं आणलं तर रांग कुठपर्यंत जाईल? त्यांनी खिडकीतून बाहेर बघून खरोखरच अंदाज केला. ‘बेकरीपर्यंत,’ ते म्हणाले.

शेवटी अबू जिरयेसचा वशिला कामाला आला. कंपनीत त्यांच्या पुतणीचा दीर निघाला आणि चहा संपायच्या आत खातं उघडलं. अबू जिरयेस माझ्या खुर्चीमागे उभे राहून सल्ला देऊ लागले. कस्टममध्ये आम्ही प्रत्येक पेटी दोनदा उघडायचो, असं त्यांनी मला पेटी न उघडता दोनदा सांगितलं. मी या वेळी चांदणीच्या आधी एक उलटी तिरकी रेघ मारली. म्हणजे कॉम्प्युटरला बजावलं की चांदणी म्हणजे चांदणीच, तिला हुकूम समजू नकोस. चाचणीला एक मेलेला घेतला, एक जिवंत घेतला. दोघे आपापल्या जागी गेले. मग ज्यांच्यापुढे चांदणी नाही त्या सगळ्यांना मेसेज सोडला: ‘आपण हयात आहात. काल झालेल्या चुकीबद्दल मनापासून क्षमस्व. शुक्रवारी अवश्य यावे.’

फव्वाजने अर्धी नावं ऑफिसात आणि अर्धी घरी टाइप केलेली आहेत. त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरची चांदणी पाच टोकांची निघाली. दिसायला दोन्ही चांदण्या सारख्या, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र वेगवेगळ्या. त्यामुळे घरी टाइप केलेले सगळे मरहूम हयात ठरले आणि त्यांच्या घरी मी त्यांच्या जिवंत असण्याबद्दल क्षमा मागितली. पहिलं उत्तर आलं उम्म रातिब, म्हणजे रातिबच्या आईचं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. “हयात असतील तर त्यांना सांग, भाकरी आणायला गेला होतात ना, येताना ती आणा,” असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांना फोन करून माफी मागितली. त्या आधी हसल्या आणि मग थोडा वेळ रडल्या, आणि म्हणाल्या की एक क्षण दाराकडे पाहिलं होतं मी. त्यानंतर मी उरलेले सगळे फोन बोटाने लावले. रुदैना बाजूला बसून नंबर वाचून दाखवत होती आणि त्या बाबतीत एक शब्दही बोलली नाही, हे मला फार लागलं.

गुरुवारी आम्ही काकांकडे गेलो, माफीचा जाहा घेऊन. एरवी अशा जाहात घराण्यातले वजनदार लोक नेतात. पण वजनदार लोक सगळेच माझ्या हातून मेलेले, त्यामुळे मी, सुहैल, माझा मेव्हणा आणि काळ्या कोटातले अबू जिरयेस एवढेच निघालो. काकांनी आम्हाला बैठकीत बसवलं. कॉफी आली. आम्ही कप समोर ठेवले आणि हात मांडीवर.

बैठकीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना ओळखायला मला वेळ लागला. ते नवाफकाका, मुफलिहकाकांचे धाकटे भाऊ, इर्बिदला राहणारे. फव्वाजच्या यादीतलं सगळ्यांत जुनं प्रश्नचिन्ह. दोघे भाऊ किती वर्षं बोलत नव्हते हे मोजायचंही आता कुणी सोडून दिलं होतं. मंगळवारची बातमी कळताच नवाफकाका मिळेल त्या गाडीने निघाले होते. अंगणातच रडायला लागले, रडत रडत आत आले आणि बघतात तर भाऊ समोर उभा. आता परत फिरावं तर कशाला आलो होतो ते सगळ्यांनी पाहिलेलं. बोलावं तर आधी कुणी बोलायचं? म्हणून ते बसले. आणि काकाही त्यांना काही विचारू शकत नव्हते, कारण दारात आलेल्या पाहुण्याला तीन दिवस कारण विचारायचं नसतं. मंगळवारपासून हे दोघे एका खोलीत, एका ताटात जेवून, एकमेकांशी न बोलता बसले होते. सून म्हणाली, मिठाची बाटली हवी असली तरी दोघे मलाच सांगतात.

मी माफी मागितली. चांदणी, मोकळी जागा, तिरकी रेघ, सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे तू यंत्राला म्हणालास की हे सगळे मेलेत का बघ, आणि ते हो म्हणालं?” मी म्हटलं, साधारण तसंच. मग मी मान खाली घालून म्हटलं की सुहैल रविवारी निघतोय, उद्या तुम्ही पुढे नसाल तर हे लग्न हातचं जाईल. 

काकांनी मिशी कुरवाळली. मग माझ्याकडे पाहूनच, पण जरा मोठ्याने म्हणाले, “माझ्या घरी पाहुणा आहे. पाहुण्याला सोडून मी सल्तला जाऊ कसा?”

नवाफकाका समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलले. “पाहुण्याला कुणी रीतसर आमंत्रण दिलं, तर पाहुणाही येईल.”

आयुष्यात मी कधी वेळेवर काही केलं असेल तर ते त्या क्षणी. उठलो, खोली ओलांडली, नवाफकाकांच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि रीतसर, तोंडाने, एका माणसाला एक असं आमंत्रण दिलं. मागे कपाचा आवाज झाला. मुफलिहकाकांनी कॉफी घेतली होती, म्हणजे आमची माफी मान्य झाली. आम्हीही घेतली, ती गार झाली होती.

शुक्रवारी सल्तला लमीसच्या घरासमोरच्या चढाच्या गल्लीत आमच्या गाड्या मावेनात. अर्धे लोक जाहाला आले होते आणि अर्धे काका खरंच जिवंत आहेत का ते बघायला. लमीसच्या वडिलांनी काकांना दारात पाहिलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणाव्या लागल्या. कप पुरले नाहीत, म्हणून काही लोकांपुढे चहाचे ग्लास आले.

दोन्ही भाऊ शेजारी शेजारी बसले होते. माझ्या मागे बसलेला मेव्हणा तेव्हा माझ्या कानात कुजबुजला की या दोघांचं बिनसलं ते असल्याच एका बैठकीत. मुफलिहकाकांचं मागणीचं भाषण हजरत आदमपासून सुरू होतं आणि वाटेत एकही पैगंबर सोडत नाही. त्या दिवशी नवाफकाकांचा घसा कोरडा पडला, आणि मुलीच्या बापाने हो म्हणायच्या आत त्यांनी कॉफी पिऊन टाकली. मुफलिहकाका भर बैठकीत म्हणाले होते, याला कॉफी कळते, इज्जत कळत नाही. नवाफकाका उठून गेले ते मंगळवारपर्यंत.

मी मान वळवून बघितलं. नवाफकाकांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, कपापासून लांब, आणि बोटं घट्ट मिटलेली होती. इर्बिदहून आलेला, तीन दिवस धड न झोपलेला म्हातारा माणूस. त्यांचे ओठ सुकले होते.

मुफलिहकाका उठले. त्यांनी अल्लाचं नाव घेतलं, आदमचं घेतलं, आणि थांबले. ते भावाच्या हातांकडे बघत होते. काका म्हणाले, “तुमची लमीस आमच्या सुहैलला द्या.” आणि खाली बसले. एवढं छोटं भाषण त्यांच्याकडून कुणीच कधी ऐकलं नव्हतं. लमीसचे वडील तर पुढच्या वाक्याची वाट बघत होते, त्यांना शेवटी कुणीतरी कोपराने ढोसलं.

“दिली,” ते म्हणाले. “कॉफी घ्या.”

सुहैलने डोळे मिटले. सगळ्यांनी कप उचलले. नवाफकाकांनी मात्र हात हलवला नाही, ते अजून गुडघ्यांकडेच बघत होते.

मुफलिहकाकांनी समोरचा कप उचलला आणि भावाच्या हातात दिला.

“नवाफ, पी,” ते म्हणाले. “गार होतेय.”